मदत हवी आहे: छोट्या शहरी ट्रकची वाट पाहावी की आता मालवाहू गाडी घ्यावी?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

आमची शेती यावल तालुक्यात आहे आणि राहणे जळगावात. केळी व्यापारी बांधावरूनच मोठ्या ट्रकमध्ये भरून नेतात, त्यामुळे तिच्या वाहतुकीची चिंता आम्हाला नसते. प्रश्न आहे तो भाजीपाल्याचा आणि हिवाळ्यात भरिताच्या वांग्यांचा. हा माल आम्ही स्वतः शहरातल्या खाणावळींना, किरकोळ विक्रेत्यांना आणि काही सोसायट्यांना पोहोचवतो. आजवर भाड्याच्या ॲपेरिक्षावर भागवले, परंतु आता स्वतःची गाडी घ्यायचे ठरले आहे. त्याच गाडीतून अधूनमधून सासूबाईंना मुक्ताईनगरला किंवा पाटणादेवीला नेता यावे, अशीही घरच्यांची इच्छा आहे.

भाच्याचे म्हणणे असे की थोडे थांबावे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी महिंद्राने मुंबईत चार संकल्पना-गाड्या (विक्रीआधी दाखवायचे नमुने) दाखवल्या, त्यांतली व्हिजन एस.एक्स.टी. ही मागे उघडा हौदा असलेली आहे. या चौघींसाठीच्या नव्या प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे सामाईक सांगाड्यावरच्या, गाड्या २०२७ पासून येऊ लागतील, असे कंपनीने सांगितले आहे. त्या गाडीवरच्या आणि परदेशातल्या अशाच छोट्या ट्रकांवरच्या प्रतिक्रिया मी मनापासून वाचल्या, आणि माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. एका बाजूचे लोक म्हणतात की कारसारखी बसणारी, गल्लीत वळणारी आणि मागे सामान घेणारी गाडीच आजच्या शहराला हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कारच्या सांगाड्यावर हौदा बसवला म्हणून तो ट्रक होत नाही. दोन्ही बाजू तळमळीने बोलतात. मात्र हौद्यात किती क्रेट बसतील, माल कोणत्या बाजूने उतरवायचा आणि हौद्याची जमिनीपासूनची उंची किती, हे विचारणारा माणूस मला शेकडो प्रतिक्रियांत क्वचितच भेटला. व्हिजन एस.एक्स.टी.च्या हौद्यात दोन जादा चाके ठेवलेली दाखवली आहेत. चित्रात ती शोभून दिसतात, पण भाजीवाल्याची नजर पहिल्यांदा तिथेच अडते, कारण ती त्याची माल ठेवण्याची जागा आहे.

म्हणून मी स्वतः हिशेब करून पाहिला. अमेरिकेत फोर्डची मॅव्हरिक ही छोटा ट्रक म्हणून ओळखली जाते. तिची लांबी ५ मीटरपेक्षा थोडी जास्त असून हौदा साडेचार फुटांचा आहे, आणि चाकांच्या कमानींमधली रुंदी साधारण साडेतीन फूट भरते. आपल्याकडचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, जेमतेम ३.८ मीटर लांब आहे, आणि तरीही त्याचा हौदा सात फुटांहून लांब व जवळजवळ पाच फूट रुंद आहे. भाजीचा नेहमीचा प्लास्टिक क्रेट ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद असतो. काही क्रेट उभे व काही आडवे लावले, तर मॅव्हरिकच्या कमानींमध्ये तळाच्या थरात ५ क्रेट बसतात आणि छोट्या हत्तीत ११. वजनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गाड्या फार दूर नाहीत. मॅव्हरिक सुमारे ६८० किलो उचलते, तर २००५ साली आलेला पहिला छोटा हत्ती ७५० किलोंचा होता. भाजी ही वजनाने हलकी आणि आकाराने मोठी असल्यामुळे आमचा हौदा किलोंनी नव्हे, जागेने भरतो. वांगी तर एकावर एक फार रचताच येत नाहीत, कारण खालच्या क्रेटमधल्या वांग्यांवर डाग पडतात आणि भरिताला डागी वांगे कोणी घेत नाही.

संकल्पना ते रस्ता हा प्रवास किती भरवशाचा असतो, हीदेखील शंका आहे. टोयोटाने २००८ साली डेट्रॉईटच्या प्रदर्शनात ए-बॅट नावाचा छोटा ट्रक दाखवला होता, तो कधीच विक्रीला आला नाही. ह्युंदाईने २०१५ साली तिथेच सांताक्रूझची संकल्पना दाखवली. लोकांनी ती उचलून धरली, आणि प्रत्यक्ष गाडी २०२१ साली आली. परंतु ज्या गोष्टींचे कौतुक झाले होते, त्यांतला ड्रॉवरसारखा मागे ओढून लांब करता येणारा हौदा आणि डिझेल इंजिन, ही दोन्ही तोवर गळून पडली होती.

माझी विनंती अशी की ज्यांनी खानदेशात अशी छोटी मालवाहू गाडी स्वतः वापरली आहे, त्यांनी अनुभव सांगावा. घरची माणसे आणि माल, ही दोन्ही कामे एकाच गाडीकडून घेणे कितपत शहाणपणाचे आहे? पासिंग आणि विम्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

भुसावळचा दुकानदार

ताई, तुमचा क्रेटचा हिशेब योग्य आहे, पण त्यात एक गोष्ट वाढवा. छोट्या हत्तीच्या वर्गातल्या काही मालवाहू गाड्यांचे फाळके, म्हणजे हौद्याच्या भिंती, तिन्ही बाजूंनी पडतात. फुले मार्केटच्या किंवा आमच्याकडच्या बाजारातल्या गर्दीत गाडीच्या मागे उभे राहायला दोन हात जागा मिळत नाही. अशा वेळी बाजूचा फाळका पाडून दुकानाच्या पायरीवर माल थेट उतरवता येतो. या नव्या संकल्पनांमध्ये हौद्याच्या बाजू गाडीच्या अंगाचाच भाग असतात आणि फक्त मागचे दार उघडते. आतल्या टोकाचा क्रेट काढायचा असेल, तर पुढचे सगळे आधी उतरवावे लागतात किंवा माणसाला हौद्यात चढावे लागते. शिवाय बाजूच्या भिंती उंच असल्याने त्यावरून वाकून माल उचलताना कमरेवर ताण येतो. दिवसभर चढ-उतार करणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

छोट्या हत्तीची अडचणही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी त्या केबिनमध्ये बसणे ही शिक्षाच असते. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारा नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण तो साडेतीन टनांवरच्या गाड्यांसाठी आहे, आपल्या छोट्या गाड्यांना नाही. म्हणून आमची फेरी सकाळी नवाच्या आत संपते. पालेभाजीवर ओले बारदान आणि त्यावर पांढरी ताडपत्री टाकली, तरच ती तजेलदार राहते. काळी ताडपत्री अजिबात घेऊ नका.

पांझरेकाठी

मी धुळ्यात गाड्यांच्या कागदपत्रांची कामे करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागत नाही. छोटा हत्ती, सुपर कॅरी, जीतो या गाड्या त्यात बसतात. लायसन्सबद्दल बोलायचे, तर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला आहे की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. तेव्हा आपल्या घरात कारचे लायसन्स असेल, तर गाडी चालवायला तेवढे पुरेसे आहे.

सासूबाईंना नेण्याबाबत मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. छोट्या हत्तीत चालकाखेरीज एकाच व्यक्तीची जागा असते. हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. उलट बाजूने, प्रायव्हेट पासिंगच्या गाडीतून धंद्याचा माल नियमित नेला, तरीही विमा कंपनी हरकत घेऊ शकते. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या गाड्या प्रायव्हेट पासिंगवर मिळतात, परंतु त्या छोट्याही नाहीत आणि स्वस्तही नाहीत. म्हणून उद्या एखादी संकल्पना-गाडी बाजारात आलीच, तर ती कोणत्या पासिंगवर मिळते, हे रंग आणि आकाराआधी विचारावे.

किमतीपुरते सांगायचे, तर जून २०२५ मध्ये टाटाची एस प्रो ३.९९ लाख रुपयांपासून आली. तिचा हौदा साडेसहा फुटांचा आणि क्षमता ७५० किलोंची आहे. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे जुन्या किमतींवर विसंबू नका, नवे कोटेशन घ्या.

चाळीसगावचा चालक

नव्या संकल्पनेच्या बाजूने थोडे मांडू द्या. मॅव्हरिक आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या आत होती आणि हायब्रीड इंजिन त्यातच मिळत होते. मागणी इतकी झाली की २०२२ सालासाठीच्या ऑर्डरी घेणे कंपनीला त्या वर्षाच्या आरंभीच थांबवावे लागले. भल्यामोठ्या ट्रकांची सवय असलेल्या देशात लोकांनी लहान गाडीला दिलेला तो कौल खोटा नव्हता. ज्यांच्याकडे माल थोडा आणि फिरणे जास्त, त्यांच्यासाठी अशी गाडी सोयीचीच आहे. ताईंचे काम तसे नाही, एवढाच मुद्दा.

आणि दोन्ही कामांची गाडी आपल्याकडे मुळीच नाही, असेही नाही. बोलेरो कॅम्पर किती वर्षांपासून रस्त्यावर आहे! दोन ओळींची आसने, पाच माणसे, मागे हौदा, आणि पासिंग मालवाहूचे. साध्या पिकअपपेक्षा तिचा हौदा आखूड असतो, हे खरे. पण शेतावर आणि बाजारात ती मार खाऊन टिकते, आणि तिचे काम जाणणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी मिळतो.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फाळक्यांचा मुद्दा वाचल्यावर मी आज भाजी उतरवताना मुद्दाम लक्ष ठेवले, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी माल बाजूनेच काढावा लागला. त्यामुळे २०२७ पर्यंत थांबण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. भाच्यालाही वरचे सगळे वाचायला दिले, आणि पासिंगचा मुद्दा त्याला पटला.

आता निवड छोटा हत्ती आणि कॅम्पर यांच्यात आहे. छोटा हत्ती घेतला तर देवदर्शनासाठी वेगळी गाडी भाड्याने करावी लागेल. कॅम्पर घेतली तर क्रेट कमी बसतील आणि डिझेलचा खर्च वाढेल. जळगाव किंवा भुसावळ परिसरात कोणाकडे कॅम्पर असल्यास कृपया हौद्याच्या आतली लांबी, कमानींमधली रुंदी आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून इथे लिहावी. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर व्यक्तीला तिच्या मागच्या आसनावर चढता येते का, आणि पायरी बसवून घेतली असल्यास ती कितपत उपयोगी पडली, हेही सांगावे. पितृपक्ष सुरू होण्याआधी गाडी दारात यावी, असा घरचा आग्रह आहे.