मदत हवी आहे: पीसीआय स्कॅनच्या कोडची साफसफाई, पॅच पास करू का?

मंडळी, आम्ही काही जण एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर काम करतो. त्यातली पीसीआय बस (कार्डं आणि चिप्स जोडणारा मशीनमधला मार्ग) स्कॅन करणारी फाइल एका सहकाऱ्याने आवरली आहे आणि पॅच रिव्ह्यूला माझ्याकडे आलाय. वर्णनात एकच ओळ: फक्त साफसफाई, वागणुकीत बदल नाही. क्यूएमूवर (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं, बूट होतं, असं तो म्हणतो. कोड वाचायला खरंच सुंदर झालाय. इतका, की मला धाकधूक वाटतेय.

खरी शंका फंक्शनच्या लूपबद्दल. इथे फंक्शन म्हणजे एकाच पीसीआय डिव्हाइसमधला स्वतंत्र भाग; ० ते ७ असे आठ असू शकतात. जुना कोड आधी फंक्शन ० वाचायचा. ते नसेल तर सरळ पुढचं डिव्हाइस. असेल तर त्याच्या हेडर टाइप रजिस्टरमधला सर्वांत वरचा बिट (मल्टिफंक्शनचा, म्हणजे डिव्हाइसमध्ये अनेक फंक्शन्स आहेत असं सांगणारा) बघायचा, आणि तो १ असेल तरच १ ते ७ तपासायचा. नव्या कोडमध्ये सगळं एकाच लूपमध्ये आहे: फंक्शन सापडलं की नोंदवा, नुकत्याच सापडलेल्या फंक्शनच्या हेडरमधला तो बिट ० असेल तर थांबा, पुढचं सापडलं नाही तरी थांबा. कागदावर दोन्ही सारखेच वाटतात. खरंच आहेत का?

बाकी दोन गोष्टी. रिकामा स्लॉट ओळखायला आधी वाचलेल्या आयडीची चार वेगवेगळ्या किमतींशी तुलना व्हायची, आता फक्त 'सगळे बिट १' एवढीच उरली आहे. आणि बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरचा (डिव्हाइसच्या पत्त्यांची जागा सांगणारं रजिस्टर) आकार मोजणारं कोडमधलं फंक्शन वेगळं काढताना त्याने लॉगची ओळ त्याच्या आत घेतली आहे. ही मला सुधारणाच वाटते, पण सांगून ठेवते.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

सारखे नाहीत. मल्टिफंक्शनचा बिट फंक्शन ० मध्ये असायलाच हवा, पण बाकीच्या फंक्शनमध्ये तो ० ठेवणारं हार्डवेअर आहे. इंटेलची जुनी पीआयआयएक्स३ चिप त्यातलीच. शिवाय नंबर सलग असलेच पाहिजेत असा नियम नाही. ०, १ आणि ३ आहेत, २ नाही, हे पूर्ण कायदेशीर आहे.

गंमत म्हणजे याचा पुरावा तुमच्या सहकाऱ्याच्या क्यूएमूमध्येच आहे. तिथल्या जुन्या 'पीसी' मशीनमध्ये डिव्हाइस १ म्हणजे हीच पीआयआयएक्स३: फंक्शन ० आयएसए ब्रिज (जुन्या आयएसए बसशी जोडणी), १ आयडीई (डिस्कचा कंट्रोलर), ३ पॉवर मॅनेजमेंट. २ म्हणजे यूएसबी, आणि ते मागितलं नाही तर नसतंच. नवा लूप फंक्शन १ वरच थांबेल. डिस्क तोवर सापडलेली असते, म्हणून बूट होतं! बूट झालं म्हणजे स्कॅन बरोबर झालं असं नाही. दोन्ही कोडनी सापडलेल्या डिव्हाइसांची यादी छापून शेजारी ठेवा.

प्रतिसाद २

एवढी कटकट कशाला? बिट बघूच नका, आठही फंक्शन्स तपासा. कोड अजून छोटा होईल.

प्रतिसाद ३

@प्रतिसाद २, हे मात्र नको. काही एकफंक्शनी कार्डं फंक्शनचा नंबर नीट डिकोडच करत नाहीत. कुठल्याही नंबरला विचारा, तेच कार्ड 'हजर' म्हणतं. मग एका नेटवर्क कार्डाची आठ कार्डं दिसतात आणि ड्रायव्हर आठ वेळा चिकटायला जातो. क्यूएमूत हा प्रकार दिसणार नाही, त्यामुळे तिथली चाचणी इथे कामाची नाही. फंक्शन ० चा बिट एकदा वाचून ठेवायचा आणि त्यावरच पुढचं ठरवायचं, हे बरोबर.

चार किमतींचंही तसंच. नियमाप्रमाणे रिकाम्या स्लॉटमधून सगळे १ येतात, पण काही सदोष बोर्ड सगळे ० देतात, काही अर्धे ० आणि अर्धे १. लिनक्समध्येही त्या चारही तुलना आहेत. काढू देऊ नका, फार तर वर एक कॉमेंट लिहायला सांगा.

लॉगची ओळ तर सगळ्यात घातक. आकार मोजताना रजिस्टरमध्ये सगळे १ लिहून परत वाचतो, आणि तेवढ्यात डिव्हाइसने भलत्याच पत्त्यावर उत्तर देऊ नये म्हणून कमांड रजिस्टरमधले आय-ओ आणि मेमरीचे बिट बंद ठेवतो. ते डिव्हाइस ग्राफिक्स किंवा सिरीयल कार्ड असेल आणि कन्सोल (संदेश जिथे छापले जातात ते) त्याच्यावरच असेल, तर ओळ छापणार कुठे? नशीब बरं असेल तर अक्षरं गायब. नसेल तर मशीन तिथेच अडकतं, आणि का अडकलं ते सांगणारी ओळही दिसत नाही. डिकोडिंग (म्हणजे हेच आय-ओ आणि मेमरीचे बिट) बंद असताना काहीही छापू नका, अशी टीप लिनक्सच्या स्कॅनच्या कोडमध्ये याच जागी आहे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. यादी छापून पाहिली. नव्या कोडमध्ये १.३ (डिव्हाइस १, फंक्शन ३) खरंच गायब आहे. पॅच तीन तुकड्यांत मागते: नुसती नावं आणि कोडमधल्या फंक्शनची मांडणी एकात, लूप दुसऱ्यात, आकार मोजणं तिसऱ्यात. पहिला लगेच घेता येईल. वर्णनातली ती ओळही बदलायला सांगते.

एक राहिलं. व्हेंडर आयडी (डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीचा नंबर) ०००१ आला तर थोडं थांबून परत वाचायचं, दर वेळी दुप्पट थांबायचं, असा एक लूप जुन्या कोडात आहे. पॅचने त्याला हात लावलेला नाही. अशी कुठली कंपनी असते का? काढायला सांगू?

प्रतिसाद १

कंपनी नाही, निरोप आहे. रिसेटनंतर पीसीआय एक्सप्रेस डिव्हाइस तयार नसेल तर ते 'पुन्हा विचारा' असं उत्तर देऊ शकतं. हे सॉफ्टवेअरला कळावं अशी सोय रूट पोर्टवर (डिव्हाइस ज्याला जोडलेलं असतं ते प्रोसेसरकडचं टोक) चालू केली असेल, तर व्हेंडर आयडीच्या जागी ०००१ दिसतो. लूप राहू द्या. फक्त त्याला कमाल मुदत आहे का ते बघा, नाहीतर एखादं बिघडलेलं कार्ड अख्खं बूट अडवून बसेल.