मदत हवी आहे: बेसबॉलच्या करारांचा हिशोब कुणी समजावेल का?

मंडळी, न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ऑफिसातल्या लोकांमुळे न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा नाद लागलाय. खेळ आता बऱ्यापैकी कळतो, पण हिवाळ्यात होणारे करार अजून डोक्यावरून जातात. आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय. तिथे ऋषभ पंतचे २७ कोटी रुपये म्हणजे केवढी बातमी!

डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. तेव्हा तो २६ वर्षांचा होता, म्हणजे करार संपेल तेव्हा चाळिशी ओलांडलेली असेल. त्या वयात हा फलंदाज डाव्या मैदानात पळणार का? शिवाय २०२९ च्या हंगामानंतर करारातून बाहेर पडायची मुभाही त्यालाच. मग संघाला एवढी लांब मुदत देऊन मिळालं काय? लक्झरी टॅक्ससाठी (खेळाडूंच्या पगारावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला की संघाला भरावा लागणारा कर) वर्षाची सरासरी धरतात, म्हणून वर्षं वाढवली असं एक सहकारी म्हणतो. तसं असेल तर २५ वर्षांचा करार का नाही करत?

लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या जपानी खेळाडू ओहतानीचं तर आणखी अजब. १० वर्षांचे ७० कोटी डॉलर, पण त्यातले ६८ कोटी डॉजर्स २०३४ ते २०४३ मध्ये देणार! लक्झरी टॅक्ससाठी मात्र वर्षाला साधारण ४.६ कोटीच धरतात. हा आकडा काढतात कसा?

कधीच निवृत्त झालेल्या बॉबी बोनियाला मेट्स जुन्या करारापोटी दर १ जुलैला अजून पैसे देतात, तो किस्सा माहीत आहे. पण तो झाला गमतीचा भाग. कुणी जाणकार असेल तर सोप्या मराठीत सांगा, प्लीज.