मदत हवी आहे: यूनेम म्हणतंय ६४ बिट, डीपीकेजी म्हणतंय ३२, खरं कोणाचं?

मंडळी, दोन दिवस झाले अडकलोय. माझ्याकडे एक छोटा एआरएम बोर्ड आहे, त्यावर डेबियनवर आधारलेली लिनक्स टाकलीय. टर्मिनलवर यूनेम डॅश एम (मशीनचा प्रकार सांगणारी कमांड) मारलं तर एआर्च६४ आलं, म्हणजे ६४ बिट, म्हणून मी बिनधास्त एका टूलची आर्म६४ वाली फाईल उतरवली, परमिशन दिली, चालवली, तर "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी". अहो फाईल समोर दिसतेय ना, एलएस केलं की नाव येतंय!

मग गेटकॉन्फला (सिस्टीमची सेटिंग्ज सांगणारी कमांड) लाँग बिट विचारलं तर ३२ आलं, आणि डीपीकेजीला (डेबियनचा पॅकेजेस सांभाळणारा प्रोग्रॅम) आर्किटेक्चर विचारलं तर आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिट एआरएम. फाईल कमांडने बिन फोल्डरमधला एलएस तपासला, तोही ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅम फाईलचा प्रकार) ३२ बिटच निघाला. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६४ बिटचा, पण वरचे सगळे प्रोग्रॅम आणि लायब्ररी ३२ बिटच्या, आणि ती एरर माझ्या फाईलबद्दल नसून तिला लागणारा ६४ बिटचा लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाईल) सापडत नाही म्हणून येतेय. बरोबर ना?

आता मला एक स्क्रिप्ट लिहायचीय जी मशीन बघून योग्य पॅकेज निवडेल. यूनेमवर विसंबणं मला तरी धोक्याचं वाटतंय, डीपीकेजीचं उत्तर धरावं का? पण मग डेबियन नसलेल्या सिस्टीमवर काय, तिथे गेटकॉन्फ पुरेल? आणि आहे त्याच सिस्टीममध्ये डीपीकेजीला आर्म६४ हे जास्तीचं आर्किटेक्चर जोडून काम भागेल की सरळ ६४ बिटची इमेज नव्याने टाकू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.