वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास : घरांचा मेळ कसा ठरवायचा?

वाशीकर_सचिव
नमस्कार मंडळी. वाशीत आमची सिडकोच्या काळातली सोसायटी, चार मजली इमारती, एकूण ६४ घरं. पुनर्विकासाचा अहवाल करून घ्यायचा आहे. सभेत बहुतेकांची मागणी एकच, सरसकट टू बीएचके आणि जास्तीत जास्त कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ). पण घरोघरी फॉर्म भरून घेतले तेव्हा चित्र वेगळं निघालं. २२ घरांत साठीपुढचं जोडपं किंवा एकटी व्यक्ती, १४ घरं भाड्यानं दिलेली, ९ घरांत तीन पिढ्या एकत्र. विकसक बाहेर विकणार ती धरून नवी घरं साधारण १६० होतील. इमारत पन्नासेक वर्षं उभी राहणार, तोवर ही माणसं आणि हे आकडे बदललेले असतील. विकसकाकडे जाण्याआधी नेमकं काय लिहून ठेवावं?

खांब_तुळई
सचिवसाहेब, फॉर्म आधी भरून घेतलेत हे फार बरं केलंत. त्यात अजून दोन रकाने घाला : दहा वर्षांनी घरात कोण असेल, पंचवीस वर्षांनी कोण. उत्तरं अंदाजाचीच येतील, पण ‘आज पाच माणसं, पुढे दोन’ अशी किती घरं आहेत ते कळेल. कोणत्या आकाराची किती घरं, हा मेळ त्यावर ठरतो.

आता बांधकामाबद्दल, कारण लोक अडकतात ते इथेच. हल्ली ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच उंच इमारती मायवानमध्ये होतात, म्हणजे ॲल्युमिनियमचा साचा लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. काम झपाट्यानं होतं, गिलावा वाचतो. पण त्यातली बहुतेक भिंत भार घेणारी काँक्रीटची असते. पुढे दोन खोल्या एक करायच्या म्हटलं तर ती फोडता येत नाही, आणि फोडली तर इमारतीला धोका. म्हणून निविदेतच लिहा : भार फक्त खांब-तुळया, लिफ्टचा गाभा आणि दोन घरांमधल्या ठरावीक भिंतींवर, घरातल्या आतल्या भिंती १०० मिमी एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या). एएसीची घनता ५५०–६५० किलो प्रति घनमीटर आणि विटांची त्याच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे पुढे भिंत हलवली तरी स्लॅबवर फारसा फरक पडत नाही.

सरसकट टू बीएचकेऐवजी ‘जोडघर’ मागा. वन बीएचके आणि शेजारी स्वयंपाकाचा ओटा व संडास-न्हाणी असलेली एक खोली. मंजूर नकाशात आणि महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) ही दोन स्वतंत्र घरं, दोन स्वतंत्र दारं. मधल्या भिंतीत १ मीटर × २.१ मीटरची चौकट स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्येच दाखवायची, वर लिंटल (चौकटीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) ओतून घ्यायचा आणि मोकळी जागा ब्लॉकनं बुजवायची. कुटुंब मोठं असेल तर चौकट उघडी. मुलं बाहेर गेली की ती बंद करून खोली भाड्यानं देता येते, विकताही येते. उलट क्रम, म्हणजे आधी एक मोठं घर आणि पुढे त्याचे दोन भाग, फार कटकटीचा आहे. महापालिकेची नव्यानं परवानगी, नवा मीटर आणि सांडपाण्याला उतार न मिळणं, सगळं एकदम समोर येतं.

हे नवं मुळीच नाही. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी अंगणाभोवती घरं मांडताना शेजाऱ्यांची भिंत सामाईक ठेवली नाही, कारण प्रत्येकाला आपलं घर पुढे स्वतंत्रपणे वाढवता यावं. वाढीची सोय पहिल्या नकाशातच होती. तिथली कित्येक घरं नंतर पाडून मोठी बांधली गेली हेही खरं, पण शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता.

नळजोड
उताराचा मुद्दा पक्का समजून घ्या. ७५ मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपला १:५० उतार धरतात. ओटा डक्टपासून (पाइप नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून) ४ मीटर लांब गेला तर ८० मिमी खाली जावं लागतं आणि फरशीखालचा थर जेमतेम ५०–६० मिमी. मग कोणीतरी उतार कमी करतो, तेल-भात साचतं आणि खालच्या घराचं छत गळू लागतं. त्यामुळे जोडघरातली दोन्ही स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं एकाच डक्टला लागून असावीत. डक्ट आतून किमान ९०० मिमी मोकळा ठेवा आणि दर मजल्यावर त्याला दार द्या. प्लंबरला आत शिरता आलं नाही तर गळती वीस वर्षं तशीच राहते.

पाण्याचा हिशेब : १६० घरं × ५ माणसं × १३५ लिटर = दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. त्यातले ४५ लिटर माणशी फ्लशचे, म्हणजे ३६ हजार लिटर प्रक्रिया केलेल्या पाण्यावर भागवता येतात, पण त्यासाठी वेगळी पाइपलाइन आणि वेगळी टाकी आत्ताच हवी. सांडपाणी प्रक्रिया केंद्र एकच मोठं घेऊ नका. ताबा मिळतो तेव्हा निम्मी घरं रिकामी असतात, पुरेसं मैलापाणी येत नाही, जिवाणू मरतात आणि दुर्गंधी सुटते. निम्म्या क्षमतेच्या दोन शाखा घ्या.

एक गोष्ट सोसायट्या विसरतात. माणसं तेवढीच राहून घरं वाढली तरी खर्च वाढतो, कारण प्रत्येक घराला स्वतंत्र फ्रिज, वॉशिंग मशीन आणि वाहन लागतं. मीटर रूममध्ये आणि पार्किंगच्या वीजभारात त्यासाठी जागा सोडा.

पारसिक
छपराबद्दलही वेळीच बोला. छप्पर तेवढंच राहतं आणि घरं अडीचपट होतात. १ किलोवॉट सौर पॅनेलला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते, दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. २०० चौरस मीटर राखून ठेवलेत तर ८० युनिट, तेही पावसाळ्यात बरेच उतरतात. ही वीज लिफ्ट-पंपांच्या बिलात वळती होईल, घराघरांत वाटण्याइतकी नसते. शिवाय वाशीची बरीच जमीन खाडीलगतची, भराव टाकलेली. भूजल वर असेल तिथे पावसाचं पाणी जिरवण्याचे खड्डे भरून राहतात, त्यापेक्षा साठवण टाकी बरी. तळघर पार्किंग असेल तर ते कोरडं ठेवायला पंप कायम लागतील.

ज्येष्ठांसाठी : एक लिफ्ट स्ट्रेचर मावेल अशी, रॅम्प १:१२, दारांची मोकळी रुंदी ९०० मिमी, न्हाणीघराला उंबरा नको. हे नंतर करता येत नाही.

वाशीकर_सचिव
जोडघराची कल्पना सदस्यांना पटेल असं वाटतं. पण दोन घरांची दोन भाग प्रमाणपत्रं (सोसायटीची शेअर सर्टिफिकेटं) घेतली तर मतं दोन का? आणि देखभाल खर्च?

उपविधी_वाचक
मत एकच, सहकारात एका सदस्याला एकच मत. मात्र आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला समान असतं. जोडघरवाल्याला ते दुप्पट पडेल. हे सभेत आधीच सांगा, नाहीतर ताबा मिळाल्यावर भांडण ठरलेलं.

देखभालीचा आणखी एक आकडा मांडा. उंच इमारतीत महिन्याला ४ हजार जास्त लागले तर वर्षाला ४८ हजार. सहा टक्के व्याजानं तेवढं मिळवायला घरामागे ८ लाखांचा कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा एकरकमी निधी) हवा, आणि खर्च दरवर्षी वाढत असल्यानं तोही पुढे कमी पडतो. पेन्शनवर जगणाऱ्या त्या २२ घरांना हे सर्वांत आधी जाणवेल. कॉर्पस सगळाच वाटून टाकू नका, काही भाग सोसायटीच्या नावानं मुदतठेवीत ठेवा.

क्रम असा : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार, मग प्रकल्प अहवाल, नंतर निविदा. विकसक निवडीला एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सभेला निबंधकांचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण. विकसकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी. जमीन भाडेपट्ट्याची असल्यास सिडकोची ना-हरकतही लागेल. वर मंडळींनी सांगितलेलं सगळं प्रकल्प अहवालात नकाशासकट जोडा. करारावर सही झाल्यावर चौकट किंवा डक्ट मागितला की विकसक त्याचे वेगळे पैसे लावतो.