शेजारच्या काकांनी जुन्या ब्रिटिश कॉमिक्सचं खोकं दिलंय, नीट कसं ठेवू?

स्लावकर

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि थोडं मन पण मोकळं करायचंय त्यामुळे पोस्ट लांबणार. मी इंग्लंडमध्ये स्लावला राहतो, अकरा वर्षं झाली. शेजारचे काका (इथलेच इंग्रज आहेत पण आम्ही घरात त्यांना काकाच म्हणतो) सत्तरीचे आहेत, ते घर विकून लेकीजवळ वेल्सला चाललेत. शनिवारी त्यांचा पोटमाळा रिकामा करायला मी आणि माझा मुलगा गेलो होतो तर कोपऱ्यात सुतळीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं. काका म्हणाले लेकीच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, टाकवत तर नाही, तूच ने, तुझा मुलगा चित्रं काढतो ना.

आत त्यांच्या मोठ्या भावाचे ईगल या कॉमिक साप्ताहिकाचे तीसेक अंक, बीनो या दुसऱ्या साप्ताहिकाची दोन वार्षिकं, आणि खाली काकांचे स्वतःचे टीव्ही सेंच्युरी २१ चे अंक. त्यातल्या वरच्याच अंकावरची तारीख बघून मुलगा ओरडला, बाबा यावर २०६५ लिहिलंय! पहिलं पान कॉमिकसारखं नाहीच, पेपरसारखं आहे, वर मोठा मथळा आणि खाली फोटो. काका हसले, म्हणाले हा पेपर १९६५ च्या जानेवारीत सुरू झाला आणि तारीख मुद्दाम शंभर वर्षं पुढची टाकायचे, आम्हाला वाटायचं भविष्यातला पेपर आपल्या दारात पडतोय.

मग ते पायरीवर बसले आणि तासभर बोलत राहिले. थंडरबर्ड्स ही बाहुल्यांची टीव्ही मालिका (तिची चित्रं या अंकांत आहेत) आमच्या स्लावच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये शूट झाली हे मला अकरा वर्षांत माहीतच नव्हतं, मी रोज त्या रस्त्याने ऑफिसला जातो! काकांचे वडील तिथेच दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात कामाला होते. आणि काका एक गोष्ट बोलले ती डोक्यातून जात नाहीये. म्हणाले मालिका रंगीत काढलेली होती पण आमचा टीव्ही काळा-पांढरा, सगळ्यांचाच तसा, तेव्हा थंडरबर्ड टू, म्हणजे त्यातलं एक विमान, हिरवं आहे हे मला टीव्हीने नाही सांगितलं, या कागदाने सांगितलं. असं म्हणत त्यांनी ते पान उघडलं आणि खरंच, साठ वर्षांनी पण तो हिरवा काय ताजा आहे.

आता प्रश्न. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर फाटतोय, काही ठिकाणी पिना गंजल्यात, हे सगळं कसं सांभाळायचं? विकायचं नाहीये. दुसरं, हे अंक न हाताळता मुलाला ईगलमधला अंतराळवीर नायक डॅन डेअर वाचायला द्यायचा असेल तर काही सोय आहे का? आणि काका पुढच्या महिन्यात जाणार, त्याआधी त्यांना त्यांच्या काळातलं काहीतरी मोठ्या पडद्यावर दाखवायचंय, काय दाखवू?

डंडीची_सून

स्लावकर, सगळ्यात आधी एक काम करा, ते खोकं परत पोटमाळ्यावर ठेवू नका! उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात ओल, कागदाला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. घरात ज्या खोलीत तुम्ही बसता-उठता तिथल्याच एखाद्या कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, ऊन पडेल तिथे तर अजिबात नको.

मी कागद जतन करायचंच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्वस्त छपाईच्या कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो आणि त्यातून आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. हे उलटं फिरवता येत नाही, फक्त हळू करता येतं. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनचा तर विचारही मनात आणू नका. ईगल आकाराने मोठा असतो, त्याला आणखी घडी न घालता आडवा ठेवा, उभा ठेवलात तर स्वतःच्या वजनाने वाकतो. आम्लविरहित पुठ्ठ्याचा सपाट डबा मिळतो तो घ्या, प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, पीव्हीसीची पिशवी नको कारण तिच्यातून कालांतराने शाईला चिकटणारं काहीतरी सुटतं. पिना गंजल्यात त्या उपटू नका, ओढताना कागदच फाटतो. हात धुवून कोरडे करा आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. एवढं बास.

वार्षिकांच्या आतल्या कोऱ्या पानाचा कोपरा कापलेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, नाताळात भेट देताना किंमत दिसू नये म्हणून आईवडील तो कापायचे. आणि 'हे पुस्तक कोणाचं' या ओळीवर पेन्सिलीत भावाचं नाव असेल तर खोडायचं नाही हं, माझ्या लेखी त्या पुस्तकातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

मी बीनोच्या गावातली म्हणून दोन शब्द त्याच्याबद्दल. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीसी थॉमसन या प्रकाशन कंपनीने डॅन्डी हे कॉमिक १९३७ च्या डिसेंबरात काढलं आणि बीनो १९३८ च्या जुलैत. मग युद्ध आलं, कागदाची इतकी टंचाई की दोन्ही साप्ताहिकं आलटून पालटून पंधरवड्याला निघायला लागली, आणि पोरांनी वाचून झालेले अंक रद्दीत द्यावेत म्हणून सरकारी आवाहनं. पोरांनी दिले पण. म्हणून त्या वर्षांचे अंक आज इतके दुर्मिळ आहेत, तेव्हा जे कोणी गादीखाली लपवून ठेवले तेवढेच उरले. डॅन्डीचा छापील अंक २०१२ साली बंद झाला तेव्हा माझे सासरे दुकानातून शेवटचा अंक घेऊन आले आणि जेवताना कोणाशी बोलले नाहीत. गावात डेस्परेट डॅनचा, म्हणजे डॅन्डीतल्या दणकट काउबॉयचा, मोठा पुतळा आहे, अजून त्याच्यासमोरून जाताना ते टोपीला हात लावतात.

एक सल बोलून टाकते. ही चित्रं काढणाऱ्यांची नावं त्या काळी छापतच नसत. डेस्परेट डॅन काढणारे डडली वॉटकिन्स यांना सही करायची परवानगी होती पण ते अपवाद. बीनोतली मिनी द मिंक्स आणि बॅश स्ट्रीट किड्स ही पात्रं ज्यांच्या हातून जन्मले त्या लिओ बॅक्सेंडेल यांनी हक्कांसाठी सात वर्षं कोर्टात काढली, १९८७ ला कोर्टाबाहेर मिटलं. २००० एडी हे कॉमिक साप्ताहिक १९७७ मध्ये आलं आणि त्याच वर्षी त्यांनी लेखक-चित्रकारांची नावं छापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे वाचकांना कळायला लागलं की हे कोण काढतंय. मुलाला चित्रं दाखवाल तेव्हा नावं सांगा.

सह्याद्री_ते_साउथबँक

वरच्या ताईंनी कागदाचं सगळं सांगितलं, मी पडद्याचं सांगतो कारण तिथे तर कागदापेक्षा वाईट झालं.

साठ-सत्तरच्या दशकात बीबीसी आपलेच कार्यक्रम पुसून टाकायची. दोन इंची रुंद व्हिडिओ टेप महाग, एकदा दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम. नटांच्या संघटनेबरोबरच्या करारामुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरी बसून जुनं बघायची सोय नव्हतीच, मग ठेवून करायचं काय असा हिशोब. डॉक्टर हू या विज्ञानकथा मालिकेचे साठच्या दशकातले ढीगभर भाग असेच गेले. डॅड्स आर्मी या विनोदी मालिकेचे ८० भाग झाले त्यातले दुसऱ्या सीझनमधले ३ अजून सापडलेले नाहीत. १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचं बीबीसीच्या स्टुडिओतलं प्रक्षेपणसुद्धा उरलेलं नाही!

पण आता हे ऐका. डॉक्टर हू चे जे भाग पुसले गेले त्या सगळ्यांचा आवाज शिल्लक आहे, आणि तो कुठल्या संस्थेमुळे नाही तर पोरांमुळे. टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माईक धरून बसायची ही मुलं, कोणी खोलीत आलं तर हाताने गप्प राहा अशी खूण करायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. आणि परदेशी चॅनेलना ज्या फिल्म पाठवल्या होत्या त्यातून पण अधूनमधून काही मिळतं, २०१३ ला नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रातून ९ हरवलेले भाग मिळाले.

थंडरबर्ड्स टिकलं कारण ते टेपवर नव्हतं, ३५ मिमी फिल्मवर रंगीत होतं, ज्या चॅनेलवर ते लागायचं त्या आयटीव्हीवर रंगीत प्रक्षेपण १९६९ च्या नोव्हेंबरात आलं त्याच्या चार वर्षं आधी. म्हणजे काका म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. एकूण ३२ भाग आहेत, सगळे सुधारलेल्या प्रतींमध्ये मिळतात. पहिलाच भाग दाखवा. बाहुल्यांचे ओठ नीट बघा, आधी रेकॉर्ड केलेल्या संवादाचा विद्युत संकेत तारांमधून डोक्यात जायचा आणि आतलं छोटं यंत्र ओठ हलवायचं, त्या यंत्राला जागा हवी म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी. चालणं काही नीट जमायचं नाही म्हणून पात्रं सतत कशात तरी बसलेली असतात. मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या आवाजावर तीन नवे भाग केले, ते पण जुन्याच पद्धतीने आणि स्लावमध्येच.

टॉकिंग पिक्चर्स टीव्ही हे फुकट चॅनेल लावलं नसेल तर लावा, २०१५ ला एका बाप-लेकीने सुरू केलं. जुने ब्रिटिश सिनेमे, मालिका, शनिवारी सकाळी थिएटरात पोरांना दाखवायचे तसले छोटे सिनेमे पण असतात. काकांना त्यातलं एखादं दिसलं तर बघा चेहरा.

आणि वाचायचं म्हणाल तर डॅन डेअरचे पुनर्मुद्रित खंड निघालेत, आधी वाचनालयात चौकशी करा. पहिल्या कथेपासूनच द्या, त्यातला खलनायक मेकॉन कोण हे कळल्याशिवाय पुढे मजा नाही.

रद्दीप्रेमी_ठाणे

मी कधी इंग्लंड बघितलं नाही पण या विषयावर गप्प बसवेना. ऐंशीच्या दशकात बाबा फोर्टच्या फूटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडून कमांडो हे युद्धकथांचं कॉमिक आणायचे, हातात मावेल एवढं छोटं पुस्तक, आत सगळं काळं-पांढरं आणि मुखपृष्ठ मात्र भडक रंगीत. बऱ्याच वर्षांनी कळलं की हे पण डंडीचंच, १९६१ पासून निघतंय आणि अजून चालू आहे. काकांचं रंगाबद्दलचं वाक्य वाचून थांबलोच, कारण आपल्याकडे पण १९८२ पर्यंत दूरदर्शन काळं-पांढरंच होतं आणि नंतरही आमच्या चाळीत रंगीत टीव्ही यायला वेळ लागला. कमांडोचं मुखपृष्ठ बघून मग आतल्या काळ्या-पांढऱ्या विमानांना मी मनातल्या मनात रंग द्यायचो. काकांना ठाण्याहून नमस्कार सांगा, प्लीज.

स्लावकर

मंडळी खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. डबा आणि पिशव्या मागवल्या, खोकं खाली आणलं. वार्षिकाचा कोपरा खरंच कापलेला निघाला, आणि नाव पण आहे, दोन नावं आहेत, भावाचं खोडून खाली काकांचं.

काल काकांना जेवायला बोलावलं, वरणभात आणि बटाट्याची भाजी, त्यांना आवडते. मग पहिला भाग लावला. थंडरबर्ड टू दिसलं तसे काका उठून पडद्याजवळ गेले आणि मांडीवरचा अंक पडद्याला लावून धरला, हिरवा जुळतोय का बघायला. थोडासा फरक आहे, कागदावरचा गडद आहे. काका म्हणाले कागदावरचाच बरोबर.

मग मुलाने ईगलचं मधलं पान उघडलं, तिथे एका जहाजाचा अर्धा पत्रा काढून टाकल्यासारखं आतलं सगळं दाखवलंय, प्रत्येक भागाला नंबर आणि खाली यादी. काकांनी भिंग मागितलं. दोघं जमिनीवर पालथे पडून नंबर शोधत होते, काका नाव वाचणार आणि मुलगा बोट ठेवणार, साडेदहा वाजले तरी उठेनात. सतरा नंबर काही सापडला नाही. रविवारी परत यायचं ठरलंय, आणि ठाण्याचा नमस्कार पोचवला, त्यांनी विचारलं कमांडोची मुखपृष्ठं अजून आहेत का तुमच्याकडे? असतील तर फोटो टाका ना.