टेरी ली यांच्या पाईप बँडसारखा एकजीव सूर शाळेच्या पथकात कसा आणायचा?

अमळनेरकर:
राम राम मंडळी. २६ जानेवारीच्या संचलनासाठी शाळेचं पाईप पथक तयार करायचंय. ८ पाईप (बॅगपाईप), ३ साईड ड्रम, १ बास ड्रम. टेरी ली यांच्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी बँडचं वादन ऐकलं की सगळे मिळून एकच पाईप वाजतोय असं वाटतं. आमची मुलं एकेकटी बरी वाजवतात, पण एकत्र आली की नुसती भणभण. पाईप मेजर (पथकाचा प्रमुख वादक) नेमकं करतो काय?

रीडवाला:
अमळनेरकर भाऊ, ली यांचा बँड कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा. जागतिक विजेतेपद सहा वेळा: १९९५, १९९६, १९९९, २००१, २००८ आणि २००९. सोबत पाईप सार्जंट (पाईप मेजरच्या खालोखालचा) म्हणून भाऊ जॅक ली, ड्रमला रीड मॅक्सवेल. पाईप मेजरपद २०१३ पर्यंत सांभाळलं. खालून माणसं यावीत म्हणून रॉबर्ट माल्कम मेमोरियल ही मुलांची पथकंही होती. तीच माणसं वर्षानुवर्षं एका कानाखाली तयार होत गेली, मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

आता भणभण. आधी सगळे चॅन्टर (बोटांनी चाल वाजवायची नळी) एकाच कंपनीचे, रीडही (नळीच्या तोंडाशी थरथरून सूर काढणारी वेताची पात) एकाच बनावटीच्या घ्या. दहा मिनिटं वाजवून पाईप तापल्याशिवाय सूर लावायला बसूच नका. एक चॅन्टर नमुना धरा आणि बाकीचे त्याच्याशी एकेक करून जुळवा. लो ए (खालचा मूळ सूर) बरोबर पण हाय ए (तोच वरच्या सप्तकातला) चढा असेल तर रीड केसभर बाहेर काढा, बुडावर दोऱ्याचा एखादा वेढा द्या. रीड सरकवली की वरचे सूर जास्त हलतात, खालचे कमी. एखादाच सूर चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावा, सूर उतरतो. ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या, एक बास आणि दोन टेनर) सगळ्यात शेवटी. बास आणि एक टेनर बंद ठेवून दुसरा टेनर लो एला लावा, ‘वाँव-वाँव’ लहर थांबेपर्यंत. ड्रोन वर सरकवला की नळी लांबते आणि सूर उतरतो.

तापीकाठ:
यात आपल्या हवेची भर घाला. तापमान एक अंश वाढलं की सूर ढोबळमानाने ०.८ हर्ट्झ चढतो (फुंकेची हवा मिसळल्याने प्रत्यक्षात थोडा कमी). त्यामुळे वर्गात पंख्याखाली लावलेला सूर मैदानावर टिकत नाही. जिथे वाजवायचं तिथेच, त्याच वेळी लावा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात वेताची रीड कोरडी पडते, हाय ए चिरकतो. रीड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. लाकडी चॅन्टर तडकतो, म्हणून मुलांना प्लास्टिकचाच द्या. पावसाळ्यात उलट, रीड पाणी धरते. वाजवून झालं की पाईप सोडवून पुसायची सवय लावा.

अमळनेरकर:
आभारी आहे. आणि चाली? मुलं म्हणतात आपली गाणी वाजवू.

रीडवाला:
वाजवा की, पण पाईपवर सूर नऊच, लो जी ते हाय ए. लो ए म्हणजे सा धरला तर सप्तक खमाज थाटाचं: सगळे शुद्ध, निषाद कोमल. खाली फक्त कोमल नी. म्हणजे भूप किंवा दुर्गा अंगाच्या चाली सहज बसतात. कोमल गंधाराची चाल तशीच घेतली तर बेसूर होणारच. शिवाय ड्रोन म्हणजे पंचम नसलेला तानपुरा, त्यामुळे सा डळमळला की लगेच कळतं.

जूनपासून सराव असेल तर पहिले चार महिने फक्त प्रॅक्टिस चॅन्टर (पिशवीशिवाय फुंकायची सरावाची नळी). पाईपवर दोनच चाली घ्या, संथ ४/४. पाईपचा आवाज मध्ये थांबवता येत नाही, म्हणून एकच सूर लागोपाठ वाजवायचा तर तो तोडायला ग्रेसनोट (मधला क्षणभराचा सूर) लागते. एकाची ग्रेसनोट आधी, दुसऱ्याची नंतर पडली की तीच भणभण. म्हणून बोटं मोजून, टेबलावर ताल देत बसवा.

तापीकाठ:
सुरुवातही वेगळी घोटा. ड्रमचे तीन पावलांचे दोन रोल. दुसऱ्या रोलला सगळ्यांचे ड्रोन एकदम, मग चॅन्टरचा ई सूर, मग चाल. इथे पिशवीवर हात उशिरा पडला की ड्रोन कण्हत सुरू होतो. हे रोज दहा वेळा, चाल न वाजवता.