मदत हवी आहे: बेल वाजली की न विचारता दार उघडणारे फ्लॅटमेट

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय. चौथ्या मजल्यावर आम्ही पाच विद्यार्थी एकत्र राहतो. दाराशेजारी इंटरकॉमचा जुना रिसीव्हर आहे, त्याखाली किल्लीचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की खाली रस्त्यावरचं दार उघडतं. आमच्याकडे बेल वाजली की जो जवळ असेल तो रिसीव्हर न उचलताच बटण दाबून मोकळा होतो.

परवा रात्री पावणेबाराला तेच झालं. पाच मिनिटांनी जिन्यात आवाज आला म्हणून पीपहोलमधून पाहिलं, तर एक अनोळखी माणूस समोरच्या फ्लॅटचं दार ढकलून बघत होता. मग आमचं. मी आतून किल्ली दोनदा फिरवली आणि श्वास रोखून उभी राहिले. तो गेला, पण ११० ला, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करायचं मला सुचलंच नाही.

अडचण अशी की इथे कुरिअरवाले शेजाऱ्यांचं पार्सल द्यायलाही कुठलीही बेल दाबतात, त्यामुळे कुणालाच आत घेऊ नका असं म्हणता येत नाही. बेलवरची आडनावं काढली तर पार्सलं परत जातात.

फ्लॅटमेटना न दुखावता "आधी कोण ते विचारा, ओळख पटली तरच बटण दाबा" हे कसं गळी उतरवू? रिसीव्हरवर चिठ्ठी लावून कुणाला फरक पडलाय का? आणि घरमालकाकडे कॅमेऱ्याचा इंटरकॉम कुणी मागितला असेल, तर खर्च कुणी केला? प्लीज सांगा, रात्री बेल वाजली की अजून धस्स होतं.